आधी सातबारा, मग साइट: जागेत पहिली गुंतवणूक करताना

जागेत पैसे गुंतवायचे ठरले की बहुतेक जण पहिल्याच रविवारी एजंटच्या गाडीत बसून साइट बघायला जातात. माझा आग्रह आहे की क्रम उलटा ठेवा. आधी कागद, मग हिशोब आणि सगळ्यात शेवटी साइट. एकदा जागा मनात भरली की कागदातली खोट दिसत असूनही माणूस तिच्याकडे काणाडोळा करतो.

पुण्याजवळच्या एका गावात मला गुंठ्या-गुंठ्याचे प्लॉट दाखवले होते. कमान उभारलेली, चुन्याने रस्ते आखलेले, भावही आवाक्यातला. मी फक्त गट नंबर मागून घेतला. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत ऑनलाइन निघतो. तो उघडला तर भूधारणा पद्धतीसमोर ‘भोगवटादार वर्ग 2’ आणि इतर हक्कांच्या रकान्यात विकास सोसायटीचा बोजा, म्हणजे गावच्या सोसायटीचं न फिटलेलं कर्ज. वर्ग 2 ची जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. एजंटला विचारलं, तर म्हणाला, “साहेब, होऊन जाईल, सगळ्यांची होतात.” मी विसार दिला नाही.

सातबाऱ्यावर थांबू नका, फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) काढा. आत्ताच्या मालकाचं नाव कोणत्या नोंदीने लागलं, हे त्यात कळतं. वारस नोंद असेल तर बहिणींची नावं शोधा. हिंदू वारसा कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. “बहिणी काही मागत नाहीत” हे तोंडी आश्वासन तुमच्या कामाचं नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र तरी हवं, नाहीतर खरेदीखतावर त्यांच्या सह्या तरी हव्यात. वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (त्या जागेच्या आधीच्या व्यवहारांचा अहवाल) घ्या आणि वकील तुमचा हवा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. शेतजमीन घ्यायची असेल तर महाराष्ट्रात शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. दहा जणांची नावं एकाच सातबाऱ्यावर चढवून विकलेल्या सामाईक प्लॉटच्या वाटेला नवख्याने जाऊच नये. आपला तुकडा नेमका कुठला, हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं.

म्हणून पहिल्या खेपेला मी तयार फ्लॅट सुचवतो: लहान, माहितीच्या भागातला आणि भोगवटा प्रमाणपत्र (राहायला जाण्याची अधिकृत परवानगी) मिळालेला. बांधकाम चालू असलेल्या घरावर 5 टक्के जीएसटी लागतो (परवडणाऱ्या घरांवर 1 टक्का). पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतलेल्या घरावर तो लागत नाही. बांधकाम चालू असलेलंच घ्यायचं असेल तर महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर टाकून ताबा देण्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली आहे ते बघा. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. एजंटचाही महारेरा नोंदणी क्रमांक असतो. तो बेधडक विचारा.

आता हिशोब. पिंपरी-चिंचवडमध्ये 45 लाखांचा जुना वन बीएचके धरू. 7 टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे 3,15,000 रुपये. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर 1 टक्का सवलत, म्हणजे 2,70,000. नोंदणी फी 30,000. घर 48 लाखांना पडलं, दलाली वेगळी. भाडं महिना 14,000 धरलं तर वर्षाचे 1,68,000. त्यातून मेंटेनन्सचे 24,000, घरपट्टीचे 6,000 आणि भाडेकरू बदलताना रिकाम्या जाणाऱ्या एका महिन्याचे 14,000 वजा करा. उरतात 1,24,000, म्हणजे साधारण अडीच टक्के. 36 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी काढलं तर हप्ता 31,000 च्या वर जातो. “भाड्यातून हप्ता सुटेल” असं सांगणाऱ्यासमोर हा कागद ठेवा. दरमहा निदान 17,000 पगारातून घालावे लागणार आहेत, आणि ते नोकरी गेली तरी सहा महिने घालता येतील एवढी शिल्लक नसेल तर थांबलेलं बरं.

थांबायचं म्हणजे हात बांधून बसायचं असं नाही. शेअर बाजारात रीटचं, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या इमारतींत गुंतवणाऱ्या ट्रस्टचं, एक युनिटही घेता येतं. एम्बसी हा भारतात नोंदलेला पहिला रीट, 2019 चा. सेबीच्या नियमाने रीटला वाटपयोग्य रकमेतली किमान 90 टक्के रक्कम युनिटधारकांना वाटावी लागते. युनिटचा भाव खाली-वर होतो, पण ऑफिसांच्या भाड्याचं गणित कसं चालतं हे थोड्या पैशांत शिकायला मिळतं.

फ्लॅट घेऊन भाड्याने दिलात तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवाच. महाराष्ट्रात तो लेखी असणं आणि नोंदवणं बंधनकारक आहे, आणि जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. काम ऑनलाइन होतं. सोसायटीला नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलची आकारणी) सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत. बिल आलं की तो आकडा तपासा आणि जास्त लावला असेल तर सेक्रेटरीकडे लेखी अर्ज द्या.