पहिला फिल्म कॅमेरा घेताना: मॉडेलपेक्षा नग बघून घ्या

फिल्मवर फोटो काढायला सुरुवात करायची आहे, कोणता कॅमेरा घेऊ, असं विचारलं की दहा जण दहा मॉडेलं सांगतात. मॉडेल ठरवणं हा या खरेदीतला सगळ्यात सोपा भाग आहे. तीस-चाळीस वर्षं जुनी वस्तू आपण घेतोय. एकाच मॉडेलचे दोन कॅमेरे शेजारी ठेवले तर त्यातला एक पुढची कित्येक वर्षं सुखाने चालतो आणि दुसरा पहिल्याच रोलला दगा देतो. समोर आलेला नग कसा आहे ते ओळखायचं कसं, याबद्दल मात्र कुणी धड सांगत नाही. म्हणून मॉडेलचं आधी भरभर उरकतो.

ठरवलेल्या रकमेतून तीन रोल, त्यांची धुलाई, स्कॅनिंग आणि कॅमेऱ्याचं एक सर्व्हिसिंग एवढे पैसे आधीच बाजूला काढा. उरलेल्या पैशांत कॅमेरा. सगळे पैसे कॅमेऱ्यात घालून नंतर रोल परवडत नाही म्हणून तो कपाटात ठेवणारे खूप भेटतात.

कोणता घ्यावा

३५ मिलिमीटर फिल्मचा, हाताने फोकस करायचा, यांत्रिक शटरचा एसएलआर (आतल्या आरशामुळे लेन्समधलंच दृश्य डोळ्याला दाखवणारा कॅमेरा) घ्या. सेल संपला तरी त्याचं शटर, म्हणजे ठरावीक वेळ उघडून फिल्मवर उजेड सोडणारा पडदा, चालतं, फक्त उजेड मोजणारा लाइट मीटर बंद पडतो. शिवाय बिघडला तर कारागीर तो उघडून दुरुस्त करू शकतो. पेंटॅक्स के१००० (१९७६ ते १९९७ एवढा काळ तो बनत राहिला, म्हणून आजही मिळतो), निकॉन एफएम१० किंवा याशिका एफएक्स-३, यांतला जो चांगल्या अवस्थेत मिळेल तो. सोबत ५० मिलिमीटरची लेन्स. एफएम१० घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: निकॉनच्या ‘जी’ लेन्सना ॲपर्चरची (लेन्समधलं उजेड आत घेणारं, लहान-मोठं होणारं छिद्र) रिंग नसते, त्या या कॅमेऱ्यावर कामाच्या नाहीत.

कॅनन एई-१ चांगला कॅमेरा आहे, पण त्याच्या नावाचेच पैसे जास्त पडतात आणि सेलशिवाय त्याचं शटर हलतही नाही. निकॉन एफ७५सारखे २००० नंतरचे ऑटोफोकसवाले प्लॅस्टिक कॅमेरे खूप स्वस्तात मिळतात आणि फोटोही उत्तम देतात. घरात निकॉनच्या लेन्स असतील तर खुशाल घ्या. मात्र आतलं इलेक्ट्रॉनिक्स गेलं की तो टाकून द्यायचा, ही तयारी हवी. खिशात मावणारे कॉम्पॅक्ट कॅमेरे सध्या फॅशनमध्ये आहेत. पहिला कॅमेरा म्हणून ते घेऊच नका. आज त्यांना जी किंमत पडते ती त्यांच्या उरलेल्या आयुष्याला अजिबात शोभत नाही.

घरच्या कपाटात याशिका एमएफ-२ किंवा कोडॅक केबी-१० सापडला तर एक रोल जरूर घालून बघा. पण त्यावर फोटोग्राफी शिकता येत नाही. फोकस, शटर, ॲपर्चर यातलं काहीच तुमच्या हातात नसतं.

शटर: इथेच खरी परीक्षा

दुकानदार काय करतो? स्पीड १२५ वर, म्हणजे सेकंदाच्या १२५व्या भागावर, ठेवतो, खटकन वाजवतो आणि म्हणतो, “एकदम ओके पीस आहे.” १२५ हा शटरचा सगळ्यात निरोगी स्पीड. आजारी शटरसुद्धा तिथे बरं वाजतं. दोष असतात ते दोन टोकांना, अगदी हळू आणि अगदी जलद स्पीडवर. तेव्हा कॅमेरा आपल्या हातात घ्या, लेन्स काढा, मागचं दार उघडा आणि दुकानाच्या दाराशी उजेडात या. ही तपासणी करू न देणाऱ्याकडून कॅमेरा घेऊ नका, मग तो फोर्टातल्या काचेच्या दुकानातला असो, चोरबाजारातला असो की पुण्याच्या जुन्या बाजारातला.

आधी एक सेकंद. बटण दाबलं की आतून घड्याळाच्या यंत्रासारखी बारीक, सलग घरघर ऐकू यायला हवी आणि शेवटी स्वच्छ ‘टक्’. घरघर मध्येच रेंगाळली, किंवा पडदा उघडा तो उघडाच राहिला, तर आतलं वंगण सुकलंय. हे सर्व्हिसिंगने सुटतं, त्यामुळे तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्यायचे. मग अर्धा सेकंद, पाव सेकंद असं एकेक स्पीड वर चढत जा. प्रत्येक पायरीला आवाज आखूड होत गेला पाहिजे. दोन लागोपाठचे स्पीड सारखेच वाजले तर तिथे गडबड आहे.

नुसत्या कानावर भरवसा नसेल तर मोबाइल काढा. कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे धरून मागून स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० फ्रेमने, व्हिडिओ घ्या आणि शटर उघडं असलेल्या फ्रेम मोजा. १/३० ला साधारण ८ यायला हव्यात, १/६० ला ४. एखादी फ्रेम इकडेतिकडे झाली तर काही बिघडत नाही. १/१२५च्या पुढे मात्र या युक्तीचा उपयोग नाही, तिथे डोळाच लागतो.

आता सगळ्यात जलद स्पीड, १/१००० किंवा जो असेल तो. कॅमेऱ्याचं तोंड मोकळ्या आभाळाकडे करा, सूर्याकडे नाही, आणि मागून बघत बटण दाबा. क्षणभर उजेडाचा चौकोन दिसेल. तो या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखा उजळ हवा. पाच-सहा वेळा बघा, पहिल्या एक-दोन वेळा डोळ्याला काहीच पकडता येत नाही. एखादी कड काळी राहत असेल तर शटरच्या दोन पडद्यांपैकी मागून येणारा दुसरा पडदा पहिल्याला वाटेत गाठतोय. अशा कॅमेऱ्यातून कडक उन्हात काढलेल्या प्रत्येक फोटोची एक बाजू अंधारलेली येणार. तो कॅमेरा खाली ठेवा. “जलद स्पीड कुठे लागतो, वापरूच नका” असा सल्ला हमखास मिळतो, तो ऐकू नका. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात ४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) फिल्म घातली की एफ/१६ ला, म्हणजे ॲपर्चर बरंच लहान ठेवूनही, १/५०० लागतोच. ॲपर्चर जरा उघडलं की १/१००० आलाच.

उलट, १/१००० थोडा हळू पडत असेल, म्हणजे प्रत्यक्षात १/७०० वगैरे, तर काळजीचं कारण नाही. निगेटिव्ह फिल्म थोडा जास्तीचा उजेड सहज पचवते. तिला चालत नाही ती एकाच फोटोतली असमानता.

कापडी पडदा असेल तर पुढून टॉर्च धरून मागून बघा. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी उजेडाचा ठिपका दिसतो. आणि कृपा करून पडद्याला बोट लावू नका, कापडी असो वा धातूचा. दाबून बघणाऱ्यांनी कितीतरी चांगले कॅमेरे वाया घालवले आहेत.

शेवटी सगळ्या स्पीडवर मिळून वीसेक वेळा शटर वाजवा. आरसा एकदाही वर अडकता कामा नये. कॅनन एई-१ बटण दाबताना खोकल्यासारखा चिरकत असेल तर घाबरू नका. आतल्या आरशाच्या यंत्रणेला तेल हवं असतं, तेवढंच.

लेन्समधली फंगस

मुंबई, कोकण, गोवा इथल्या घरांतून येणाऱ्या लेन्समध्ये फंगस, म्हणजे बुरशी, हाच मोठा शत्रू. समोरून काच लख्ख दिसते, म्हणून नुसतं बघून काही कळत नाही. ॲपर्चर पूर्ण उघडा, लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च जरा तिरका धरा आणि पुढून आत डोकवा. धुळीचे ठिपके दिसतील, त्यांकडे दुर्लक्ष करा, फोटोत ते दिसत नाहीत. कडेपासून आत पसरणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती फंगस. कडेला एखादा तंतू असेल तर भाव पाडून घेता येईल, साफ होतो. मधोमध पसरली असेल तर घेऊ नका, ती काचेवरचं कोटिंग खाते आणि साफ केल्यावरही डाग राहतात. सगळीकडे एकसारखं धुरकट दिसत असेल तरी नको, त्या लेन्सचे फोटो कायम फिके येतात.

ॲपर्चरच्या पात्यांवर तेल चढलेलं नको आणि त्या झटकन मिटल्या पाहिजेत.

घरी आणल्यावर लेन्स चामड्याच्या कव्हरात ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की पुन्हा तापवून वाळवायचे. पावसाळ्यात हे दर दोन आठवड्यांनी तरी बघा, आणि कॅमेरा अधूनमधून बाहेर काढून वापरा.

बाकीचं झटपट

मीटरची सुई खिडकीकडे धरल्यावर वर आणि जमिनीकडे धरल्यावर खाली गेली पाहिजे. आकडा मोबाइलच्या लाइट मीटर ॲपशी ताडून बघा. मीटर मेलेला असेल तरी यांत्रिक कॅमेरा चालतो, फक्त भाव तसा करा. सेलच्या खाचेत हिरवी-पांढरी पूड असेल तर आतल्या तारांपर्यंत गंज गेलाय का ते विचारा. उजेड आत शिरू नये म्हणून दारात लावलेला काळा फोम चिकट डांबर झालेला असतोच. तो बदलणं स्वस्तात होतं, भाव करताना मात्र जरूर दाखवा.

लॅबमधून एक खराब झालेला रोल मागून सोबत न्या. तो भरून फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची घुंडी फिरली पाहिजे. पुढे खरा रोल भरतानाही हेच बघायचं. घुंडी फिरत नसेल तर फिल्म पुढे सरकत नाहीये.

ऑनलाइन घेत असाल तर “फिल्म टेस्टेड” या दोन शब्दांवर पैसे पाठवू नका. मागचं दार उघडं ठेवून एक सेकंद आणि १/१००० चा व्हिडिओ आणि लेन्समधून टॉर्च धरलेला फोटो मागा. टाळाटाळ झाली तर सोडून द्या.

पहिला रोल

परत करायची मुदत आधीच बोलून घ्या आणि पहिला रोल त्या मुदतीत संपवून धुवून घ्या. वेगवेगळे स्पीड वापरा आणि कोणत्या फ्रेमला कोणता होता ते वहीत टिपा. रोल धुऊन आला की स्कॅन बघून खूश होऊ नका, स्कॅनर उजेडाच्या चुका आपोआप झाकतो. निगेटिव्ह मागून घ्या, खिडकीला धरा. फ्रेममधल्या फटी सारख्या आहेत का, एकाच कडेला सगळीकडे काळा पट्टा पडलाय का (तो फोममधून शिरलेला उजेड), १/१००० च्या फ्रेमची एखादी बाजू पारदर्शक राहिलीय का, एवढं तपासा. काळ्या पट्ट्याचा दोष फोम बदलून जातो. शेवटचा दिसला तर वही, निगेटिव्ह आणि कॅमेरा घेऊन त्याच दिवशी दुकानात जा.