अंगावरच्या स्टॅटिकने (म्हणजे अंगावर साठलेल्या स्थिर विजेने) कॉम्प्युटर मंदावतो का? आणि काय जपायचं?

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो, त्यामुळे उत्तर आधीच देऊन टाकतो: नाही. डिस्क गच्च भरली, रॅम कमी पडली, पंख्यात धूळ बसून प्रोसेसर तापला, की मशीन मंद होतं. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. आधी तिथे बघा, स्टॅटिकच्या मागे नंतर लागा.

स्टॅटिकचा फटका बसतो तो एका क्षणात. पेन ड्राइव्ह लावताना बोटातून ठिणगी उडते आणि माऊस गायब होतो, स्क्रीन गोठते किंवा मशीन आपोआप रीस्टार्ट होतं. बहुतेकदा पुन्हा सुरू केलं की भागतं. नाही भागलं तर बंद करून वायर काढा, लॅपटॉपची बॅटरी सहज निघत असेल तर तीही काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग चालू करा. एरवी बंद कॅबिनेटला हात लावायला घाबरायचं कारण नाही.

कॅबिनेट उघडल्यावर मात्र मी कडक होतो. आपल्याला चटका जाणवतो तो साधारण 3000 व्होल्टच्या आसपास. काही नाजूक चिप मात्र 100 व्होल्टच्या आतही खराब होतात. म्हणजे ‘मला तर काहीच जाणवलं नाही’ याला काही अर्थ नाही. शिवाय चिप लगेच मरेलच असं नाही. अर्धवट दुखावते आणि पुढे कधीतरी दगा देते.

म्हणून गालिच्यावर बसून काम करू नका, लोकरी किंवा सिंथेटिक स्वेटर काढून ठेवा. मशीन बंद करा, मागचा स्विच बंद करा, वायर काढा, आणि पॉवरचं बटण एकदा दाबून आत उरलेली वीज उतरवा. मग कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या धातूला हात लावा आणि काम करताना अधूनमधून लावत राहा. ठिणगी उडते ती दोन वस्तूंच्या व्होल्टेजमधल्या फरकामुळे; तुम्ही आणि मशीन एका पातळीवर आलात की फरकच उरत नाही.

मनगटाचा पट्टा असेल तर उत्तम, त्याचा चिमटा त्याच धातूला लावा. पट्ट्यात 1 मेगाओहमचा रेझिस्टर असतो. चुकून जिवंत वायरला हात लागला तर अंगातून जाणारा प्रवाह त्याने अगदी कमी राहतो, म्हणून साधी तार मनगटाला गुंडाळून घरगुती पट्टा बनवू नका. बिनतारी पट्टेही मिळतात. चार्जला जायला वाटच नसेल तर पट्टा बांधून काय उपयोग?

रॅम किंवा कार्ड कडेने धरा, सोनेरी दात्यांना बोट लावू नका. काढलेला भाग स्टॅटिक अडवणाऱ्या चंदेरी पिशवीत ठेवा. गुलाबी पिशवी स्वतः फारसा चार्ज धरत नाही, पण बाहेरून आलेली ठिणगी अडवत नाही. बोर्ड पिशवीवर ठेवून वीज देण्याचा उद्योग तर मुळीच नको. धुळीसाठी ब्लोअर वापरा, पंखा बोटाने अडवून. व्हॅक्यूम क्लीनरच्या प्लॅस्टिकच्या नळीवर स्वतःच चार्ज साठतो.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो ती गोष्ट. चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर हात फिरवला की मुंग्या येतात, त्याला लोक स्टॅटिक म्हणतात. स्टॅटिक एकदा चटकन बसतं आणि संपतं. सतत जाणवणारी आणि चार्जर काढताच थांबणारी झिणझिण ही चार्जरमधून झिरपणारी वीज असते. दोन पिनांच्या चार्जरला ती थोडीफार असतेच. तीन पिना असूनही येत असेल, तर सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आणि डेस्कटॉपच्या कॅबिनेटला हात लावल्यावर सरळ शॉक बसत असेल, तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा. तपासणी होईपर्यंत ते मशीन वापरू नका.