ओपनबीएसडी स्नॅपशॉटवर नेताना

ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती साधारणपणे दर सहा महिन्यांनी येते. मधल्या काळातले विकासाचे काम ज्या शाखेवर चालते तिला 'करंट' म्हणतात, आणि त्या शाखेतून वरचेवर तयार केल्या जाणाऱ्या संपूर्ण प्रतींना स्नॅपशॉट. नव्या हार्डवेअरचा ड्रायव्हर अजून अधिकृत आवृत्तीत आलेला नसेल, किंवा पुढची आवृत्ती बाहेर पडण्यापूर्वी तिच्यातले दोष शोधण्यास हातभार लावायचा असेल, तर स्नॅपशॉट जरूर वापरावा. मात्र करंटवरून जुन्या अधिकृत आवृत्तीवर परतण्याची सोय नाही, त्यासाठी नव्यानेच इन्स्टॉल करावे लागते. म्हणून आपल्या फाइलींचा आणि 'ईटीसी' या सेटिंग फाइलींच्या डिरेक्टरीचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आधी वाचन करावे. प्रकल्पाच्या संकेतस्थळावर 'फॉलोइंग करंट' नावाचे पान आहे. कोणत्या तारखेनंतर कोणती सेटिंग हाताने बदलावी लागेल, हे तेथे तारीखवार दिलेले असते. आपली प्रणाली ज्या तारखेची आहे तेथपासून आजपर्यंतच्या सर्व नोंदी वाचाव्यात. ही पाच मिनिटे बहुतेक जण वाचवू पाहतात, आणि नंतरच्या अडचणींपैकी कित्येकांचे उत्तर नेमके त्याच पानावर असते.

प्रत्यक्ष अपग्रेडसाठी 'सिसअपग्रेड' ही कमांड आहे. ती २०१९ मध्ये आलेल्या ६.६ आवृत्तीपासून मूळ प्रणालीचाच भाग आहे. रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून ती 'डॅश एस' या पर्यायासह चालवली की स्नॅपशॉटचे फाइल-संच मिररवरून (प्रकल्पाच्या फाइलींची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवरून) उतरवले जातात, 'सिग्निफाय' या साधनाच्या साहाय्याने त्यांची डिजिटल सही तपासली जाते, आणि संगणक पुन्हा सुरू होऊन अपग्रेडचा कर्नल (प्रणालीचा गाभा) बाकीचे काम स्वतः करतो. लगेच रीबूट नको असेल तर 'डॅश एन' हा पर्याय जोडावा, म्हणजे डाउनलोड आणि पडताळणी होऊन सारे तयार राहील आणि रीबूटची वेळ आपल्याला ठरवता येईल. सही जुळली नाही तर तपासणी टाळण्याची वाट शोधू नये. अनेकदा मिररवर नवा स्नॅपशॉट अर्धवट पोहोचलेला असतो, आणि काही तासांनी तीच कमांड सुरळीत चालते.

प्रणाली परत सुरू होताना 'सिसमर्ज' ही सेटिंग फाइली जुळवून घेणारी कमांड आपोआप चालते आणि ज्या सेटिंग फाइलींना आपण हात लावलेला नाही त्या बदलते. आपण बदललेल्या फाइलींत जिथे तिला निर्णय घेता येत नाही, तिथे तीच कमांड नंतर हाताने चालवून प्रत्येक फरक पाहावा आणि मगच स्वीकारावा.

यानंतर 'पीकेजी-ॲड डॅश यू' चालवून सर्व पॅकेजे (मूळ प्रणालीबाहेरचे, वेगळे इन्स्टॉल केलेले प्रोग्रॅम) अद्ययावत करावीत. ही पायरी ऐच्छिक समजू नये. करंटमध्ये लायब्ररींचे (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या कोडच्या फाइलींचे) मुख्य आवृत्ती-क्रमांक बदलत राहतात, आणि पॅकेजे नव्या लायब्ररींशी जोडून पुन्हा तयार व्हायला मूळ प्रणालीपेक्षा जास्त वेळ लागतो. त्यामुळे एखादे पॅकेज लायब्ररी सापडत नसल्याची तक्रार करत असेल, तर लायब्ररीच्या नावाने खोटा दुवा बनवून वेळ मारून नेण्यापेक्षा पॅकेजांचा नवा संच येईपर्यंत एक-दोन दिवस थांबणेच योग्य. अधिकृत आवृत्ती जवळ आली की स्नॅपशॉटच्या नावातून 'बीटा' किंवा 'करंट' हा शब्द गळतो आणि पॅकेजची कमांड अजून अस्तित्वात नसलेल्या ठिकाणी शोध घेऊ लागते. अशा वेळी 'डॅश डी स्नॅप' (इंग्रजी कॅपिटल डी) असे जोडून द्यावे लागते, आणि सिसअपग्रेडलाही 'डॅश एस' न विसरता द्यावा.

'सिसपॅच' ही दुरुस्त्या बसवणारी कमांड फक्त अधिकृत आवृत्तीसाठी आहे. स्नॅपशॉटवर सुरक्षेची दुरुस्ती मिळते ती पुढच्या स्नॅपशॉटमधूनच, म्हणून एकदा या वाटेला लागल्यावर महिनोन्‌महिने एकाच प्रतीवर राहणे धोक्याचे आहे. नव्या प्रतीत काही बिघडलेले आढळले, तर कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या 'डीमेसेज' कमांडचे संपूर्ण आउटपुट आणि कर्नलची तारीख यांसह 'सेंडबग' या दोष कळवण्याच्या कमांडने कळवावे, कारण कोणत्या प्रतीपर्यंत सर्व ठीक होते एवढे समजले तरी दोषी बदल शोधणे विकासकांना पुष्कळ सोपे जाते.