लहान मुलांना घेऊन वेरूळ: आधी कैलास, मग घृष्णेश्वर

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. या दोन वारांची गल्लत करून फाटकापाशी येऊन परत फिरणारी कुटुंबं नेहमी दिसतात. घृष्णेश्वराचं देऊळ रोज उघडं असतं, पण ज्योतिर्लिंग असल्यामुळे सोमवारी रांग लांबते. श्रावणात आणि महाशिवरात्रीला पाच वर्षांखालचं मूल घेऊन तिथे जाऊच नये. शनिवार-रविवारी दोन्हीकडे गर्दी असते. म्हणजे मुलांसाठी उरतात बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार. हिवाळ्यात शाळांच्या सहली याच दिवसांत येतात, त्यामुळे त्यांच्या बसगाड्या लागायच्या आत कैलास लेणं बघून झालेलं बरं.

लेणी सूर्योदयाला उघडतात. छत्रपती संभाजीनगरहून अंतर सुमारे 30 किलोमीटर आहे. वाटेत दौलताबाद-खुलताबादचा घाट लागतो, म्हणून गाडी लागणाऱ्या मुलाला निघताना पोटभर दूध देऊ नका. कोरडी पोळी किंवा दशमी चालते. आणि वाटेत देवगिरी दिसला म्हणून ‘जाता जाता किल्लाही करू’ हा मोह टाळा. शेकडो पायऱ्या आणि अंधारी, म्हणजे किल्ल्यातला काळोखा भुयारी मार्ग, चढून आलेलं मूल कैलासात फक्त रडतं.

सकाळीच का, याचं कारण डोंगरात आहे. लेणी पश्चिमाभिमुख कड्यात कोरलेली आहेत. सकाळी कड्याची सावली अंगणांवर असते आणि दगड गार असतो. दुपारनंतर ऊन थेट समोरून येतं, फरशी तापते, आणि चप्पल काढायची वेळ आली की मूल पाय उचलून कडेवर चढतं. जाड मोजे जवळ ठेवा, देवळातही उपयोगी पडतात.

मोठ्यांचं तिकीट ऑनलाइन काढून ठेवा. 15 वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. बाबागाडी हॉटेलवरच राहू द्या. उंच उंबरे, झिजलेल्या पायऱ्या आणि ओबडधोबड जमीन यांमुळे ती तुम्हालाच उचलावी लागते. दोन वर्षांखालच्या मुलासाठी छातीशी बांधायची झोळी उत्तम.

लेणी 34 आहेत, पण चार-पाच वर्षांच्या मुलाला तीन पुरतात. आधी 16 वं, म्हणजे कैलास. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, हे देऊळ वरून खाली कोरत आणलं. मुलाला एवढंच सांगा, की इथे दगडावर दगड रचलेला नाही, नको तेवढा काढून टाकलाय. मग त्याला शोधायला लावा. अंगणातला मोठा हत्ती, देवळाच्या जोत्याला पाठ लावून उभी असलेली हत्तींची रांग, उजव्या बाजूच्या रामायणाच्या पटातली वानरसेना, त्याच बाजूला पुढे कैलास पर्वत हलवणारा रावण. डाव्या बाजूच्या महाभारताच्या पटात बाळकृष्णाचे प्रसंग आहेत. वरच्या पट्ट्या मुलाला खालून दिसत नाहीत, तेव्हा कडेवर घ्या. गाभाऱ्याकडे जाणाऱ्या जिन्यात अंधार असतो आणि पायऱ्या उंच आहेत. एक मोठा पुढे, एक मागे, मूल मध्ये.

अंगणातला एक हत्ती ठरवून ठेवा: चुकलास तर इथे येऊन उभं राहायचं, शोधत फिरायचं नाही. मुलाच्या दंडावर आतल्या बाजूला बॉलपेनने फोन नंबर लिहा. शर्टावर नाव लिहू नका, कारण नावाने हाक मारणाऱ्या अनोळखी माणसावर मूल लगेच विश्वास ठेवतं. सकाळी त्या दिवसाच्या कपड्यांतला एक फोटो काढून ठेवा. कैलासाच्या वरच्या कड्यावर चढणारी वाट मुलांसाठी नाही, फोटो कितीही छान येत असला तरी.

दुसरं लेणं 10 वं, विश्वकर्मा किंवा ‘सुतार की झोपडी’. छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या कोरल्या आहेत आणि आवाज सुरेख घुमतो. मुलांना हळूच ‘ओम्’ म्हणू द्या, किंचाळू देऊ नका: कड्यांवर आग्या मोहोळं असतात. उग्र अत्तरही त्याच कारणाने नको. अजून दम असेल तर शेजारचं तीन मजली 12 वं. जैन लेणी (30 ते 34) बरीच उत्तरेला आहेत. वाहन मिळालं तरच जा, चालत नेऊ नका.

पाणी माणशी एक लिटर, मुलाला निदान अर्धा. उन्हाळ्यात ओआरएसची पुडी हवीच. केळी आणि वेफर्सची कुरकुरीत पाकिटं वानरांना लांबून कळतात, आणि ती हिसकतात ती सगळ्यात छोट्या हातातून. खाणं बाहेर, गाडीत बसून. शू-शी आत शिरण्याआधी उरकून घ्या. पावसाळ्यात धबधबे सुंदर दिसतात, पण पायऱ्यांवर शेवाळ असतं. गुळगुळीत तळव्याची सँडल तेव्हा बाद.

घृष्णेश्वर लेण्यांपासून किलोमीटरभराच्या आत आहे. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना शर्ट-बनियन काढावं लागतं आणि मोबाइल आत नेता येत नाही. म्हणून पाकीट, किल्ल्या, फोन बाहेर थांबणाऱ्या मोठ्या माणसाकडे द्या. गाभारा लहान, दमट आणि गजबजलेला असतो. मूल हात धरून नेलं तर त्याच्या तोंडाशी सगळ्यांचे गुडघे आणि कोपर येतात. उंबऱ्याच्या आधीच कडेवर घ्या, पाय पुढे दुमडून. तान्हं बाळ गाभाऱ्यात नेऊ नका: आधी एकाने दर्शन घ्यावं, मग बाळाची अदलाबदल करून दुसऱ्याने. रांग हलत नसेल आणि मूल चुळबुळू लागलं असेल तर कळसाला हात जोडून निघावं.