पुण्याहून रायगड: आधी पायऱ्या, मग रोपवे

ताम्हिणी–निजामपूरमार्गे गडाच्या पायथ्याचं पाचाड गाठायचं तर पुण्याहून पहाटे पाचला निघा. वरंधा घाट पावसाळ्यात दरडींमुळे बंद असू शकतो, म्हणून तो धरू नका. पाचाडला जिजाऊंच्या समाधीपाशी थांबा, मगच पुढे.

बहुतेक जण रोपवेने वर जातात आणि तिथेच चुकतात. रोपवे मेणा दरवाजाजवळ सोडतो, त्यामुळे महादरवाजा राहूनच जातो. गडाच्या वाटेवरचं बुरुजांआड दडवलेलं ते दार तर आवर्जून पाहायला हवं! चित्त दरवाजाकडून चौदाशेच्या वर पायऱ्या आहेत. दमादमाने दोन तास धरा. माणशी दोन लिटर पाणी हवंच. उतरताना गुडघ्यांवर ताण येतो, तेव्हा रोपवे घ्या. मात्र जोराच्या वाऱ्यात तो थांबवतात, म्हणून पायी उतरण्याइतका उजेड हाताशी ठेवा.

वर नगारखान्याच्या दारात एकाने उभं राहून हळू बोलावं, दुसऱ्याने सिंहासनाच्या जागेजवळ ऐकावं. १६७४ साली राज्याभिषेक झाला तो इथेच. पुढे बाजारपेठ, जगदीश्वर. मंदिराच्या पायरीवरचा, गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचा शिलालेख खाली वाकून वाचा. टकमक टोक शेवटी.

राज्याभिषेक दिनाच्या, ६ जूनच्या आसपास गर्दी अफाट असते. निवांत पाहायचं तर ते दिवस टाळा.