दुपारची झोप आणि रात्रीचा जागर

म्हापशातलं माझं कापडाचं दुकान दुपारी एकला बंद होतं, साडेतीनला उघडतं. हुमण-भात जेवून मी दीड तास घोरायचो आणि मग रात्री, पहाटे पाववाल्या पोदेराचा भोंपू ऐकू येईपर्यंत कूस बदलत पडायचो. असे सहा महिने काढले. आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने झोप अशी हुकली की तो जुनाट निद्रानाश. माझा सुरू झाला वडील गेले तेव्हा, पण टिकला माझ्याच सवयींनी: रात्र वाईट गेली की दुपारी जास्त झोप, संध्याकाळी जास्त कॉफी, रात्री लवकर अंथरूण.

आधी आठवडाभर वहीत लिहा. कधी आडवे झालात, कधी उठलात, अंदाजे किती झोपलात. रात्री घड्याळ बघायचं नाही. माझा हिशेब निघाला असा: अंथरुणावर साडेआठ तास, झोप साडेपाच. मग अंथरुणाला साडेपाचच तास द्यायचे. बाराला पाठ टेकायची, साडेपाचला उठायचं, रविवारीसुद्धा. पाच तासांच्या खाली जाऊ नका. पडल्यावर बहुतेक वेळ झोपेतच जाऊ लागला की आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवा. पहिले दिवस डोळे मिटतात, म्हणून मी स्कूटर मुलाच्या हाती दिली. फिट्स किंवा मनाचा मोठा आजार असेल त्यांनी हा प्रयोग डॉक्टरांना विचारूनच करावा.

झोप येत नाही असं वाटलं की उठायचं. मी बाल्कांवात बसायचो, मोबाईल आत ठेवून. डोळे जड झाले की परत अंथरुणावर.

आता सुया. मी पणजीला जाऊन आठ वेळा अॅक्युपंक्चर घेतलं. कोटणीसांबरोबर १९३८ साली चीनला गेलेल्या डॉ. बसूंनी ही विद्या पुढे चीनमध्ये शिकून १९५९ मध्ये भारतात आणली, हे तिथेच कळलं. सुई केसासारखी बारीक असते. पाकीट तुमच्यासमोर फोडलं नाही तर उठून या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, गरोदर असाल, तर आधी सांगा. मनगट, भुवयांमध्ये, कानामागे सुया लावून पंचवीस मिनिटं पडून राहिलो की अंग सैल पडायचं. यावर चाचण्या झाल्यात, पण बऱ्याच लहान आणि कच्च्या, म्हणून डॉक्टर आधी सवयींवरचा उपचारच सांगतात. माझंही मत तेच. सुयांनी मन शांत झालं, झोप वहीने आणली. घरी करायचं तर मनगटाच्या आतल्या घडीवर करंगळीच्या बाजूला जो खळगा लागतो, तो मिनिटभर हलकेच दाबा.

कुळागरातलं जायफळ दुधात चिमूटभर ठीक. जास्त झालं तर उलटी, भ्रम. उर्राक, म्हणजे काजूची दारू, घेऊन झोप लवकर येते खरी, पण तीनला टक्क जागं करते. कॉफी दुपारच्या जेवणानंतर बंद.

घोरताना श्वास अडकत असेल, मन सतत खचलेलं असेल, तर आधी डॉक्टर. झोपेच्या गोळ्या आपल्या मनाने एकदम सोडू नका.

दुपारी मी आता फार तर वीस मिनिटं पडतो, तेही गजर लावून. शेजारच्या सोनाराला हे सगळं सांगितलं. रात्रीचं त्याला पटलं. दुपारचं तेवढं सोडून बोल, म्हणाला.