रुमाल सोडण्याआधी थांबा: मठ-देवस्थानांचं दप्तर लावताना या चुका टाळा

माळ्यावर लाल कापडात बांधलेली गाठोडी सापडली, की पहिल्या तासाभरातच बरंच नुकसान होऊन बसतं. वाळवी निदान सावकाश खाते. माणसं गाठ सोडतात, कागद झटकतात, उन्हात पसरतात, फोटो काढून ग्रुपवर टाकतात, आणि मग कुणीतरी विचारतं, ‘आता हे लावायचं कसं?’ लावलेलं होतं. तुम्ही आत्ताच ते मोडलंत.

रुमाल फोडून विषयवार लावणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते, आणि सगळ्यात जास्त शाबासकीही हिलाच मिळते.

मठाचं दप्तर म्हणजे सुट्या कागदांचा ढीग नव्हे. कापडात बांधलेलं गाठोडं म्हणजे रुमाल. रुमालात पुडकी असतात आणि पुडक्यात बंद, म्हणजे कागदाचे लांबट ताव. कारकुनाने त्या सालच्या पावत्या, याद्या, तेरजा (हिशेबाचे गोषवारे) आणि आलेली पत्रं एकत्र बांधून वर चिठ्ठी लावलेली असते. आतल्या पावतीवर फक्त ‘छ १४ साबान’ (हिजरी साबान महिन्याचा चौदावा चंद्र), रक्कम आणि कुणाच्या हस्ते एवढंच लिहिलेलं असतं. साल नसतं, कारण साल चिठ्ठीवर आहे. तेच तेच चारशे वेळा लिहायला कारकून वेडा नव्हता.

एका मठात सुट्टीत जमलेल्या मंडळींनी अकरा रुमाल दोन दिवसांत ‘व्यवस्थित’ लावले. सनदा एका पेटीत, पत्रं दुसऱ्या, हिशेब तिसऱ्या. मळकी कापडं, सुतळ्या आणि किडकी चिठोरी केरात गेली. पुढे अभ्यासकाचा साधा प्रश्न आला: नंदादीपाच्या तेलाची नेमणूक (बांधून दिलेला खर्च) कोणत्या साली बंद झाली? पेटीत तेलाच्या पावत्यांची चळत होती. महिना होता, चंद्र होता, साल एकाही पावतीवर नव्हतं. अक्षराच्या वळणावरून आणि कारभाऱ्यांच्या नावांवरून काही पावत्या जागी बसल्या, बाकीच्या कायमच्या तरंगत राहिल्या. बरं, सनदही एकटी पडली. तिच्याबरोबर बांधलेली याद आणि तक्रारअर्ज पाहिल्याशिवाय ती पुन्हा का करून घ्यावी लागली हे कळत नाही. ती याद आता ‘हिशेब’ पेटीत असते, आणि तिथे तिला कुणी शोधत नाही.

मग करायचं काय? गाठ सोडण्याआधी गाठोड्याचा चारही बाजूंनी फोटो, मग चिठ्ठीचा. चिठ्ठी हा पहिला कागद, तिलाही क्रमांक. रुमाल, पुडकं, बंद अशा तीन पायऱ्यांचा आकडा २बी पेन्सिलने, कागद कडक पाटीवर ठेवून, मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात हलक्या हाताने लिहायचा. बॉलपेन खोलीतच आणायचं नाही. क्रम जसा सापडला तसाच, अगदी हास्यास्पद वाटला तरी. दोन इनामपत्रांच्या मध्ये औषधाचा नुस्का निघाला तर तो तिथेच राहील. विषयवार, सालवार, गाववार काय हवं ते यादीत करा. त्यासाठी संगणकावर तक्ता असतो आणि तो दिवसातून दहा वेळा फिरवता येतो. कागद हलवायचा नाही, नोंद हलवायची.

वेळ लागतो. ज्यांना सुट्टीत सगळं संपवायचं आहे त्यांनी दुसरं काम घ्यावं.

सालाची घाईघाईने बेरीज

‘शकात ७८ मिळवले की झालं’ एवढंच शिकून आलेले लोक याद्या तयार करतात, आणि पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या बहुतेक तारखा एका वर्षाने मागे सरकतात. शक चैत्रात बदलतो, इसवी सन जानेवारीत. म्हणून पौषाच्या मध्यापासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवायचे, आणि पौषाचा महिना तर तिथी पाहूनच ठरवायचा. पानिपत पौष शुद्ध ८ शके १६८२ ला झालं. त्यात ७८ मिळवलेत तर ते १७६० सालीच उरकून टाकाल.

सुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली अरबी अंकशब्दांची कालगणना, याहून फसवा. तो आकड्यात क्वचित येतो, शब्दांत येतो, आणि शब्द उलटे वाचायचे असतात: आधी एकं, मग दहं, मग शेकडा, मग हजार. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, ११६१. नवखे लोक हमखास चुकतात ते सित आणि सितैन, सबा आणि सबैन, मया आणि मयातैन यांत. पहिला सहा, दुसरा साठ. पहिला सात, दुसरा सत्तर. मया शंभर, मयातैन दोनशे. एक ‘तैन’ सुटला की कागद शतकभर मागे जातो आणि पेशवाईच्या अखेरच्या काळातली, समजा १८०५ ची, नेमणूक शाहू महाराज गादीवर येण्याच्याही आधीची ठरते.

सुहूरचं साल मृगाला बदलतं. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. ११६१ चे १७६० आणि १७६१ असेच होतात. पण खरी मेख पुढे आहे: साल सौर, महिने मात्र हिजरी. चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे एकाच सुहूर सालात मृगाच्या आसपासच्या काही चंद्रतारखा दोनदा येऊ शकतात, एकदा सालाच्या तोंडाला आणि एकदा शेवटाला. अशा वेळी जंत्री (तारखांचं कोष्टक) एकटी पुरत नाही. कागदातला वार, शेतीच्या हंगामाचा उल्लेख, शेजारचा बंद, सगळं पाहावं लागतं. (शेजारचा बंद अजून शेजारी असेल तर.)

पडताळा घेण्याची एक जुनी युक्ती रोज वापरण्यासारखी आहे. शकात १२ मिळवून ६० ने भागा. जी बाकी उरेल तो साठ संवत्सरांच्या चक्रात प्रभव या पहिल्या संवत्सरापासून मोजलेला क्रमांक. शके १५९६ मध्ये १२ मिळवले की १६०८, बाकी ४८, म्हणजे आनंद. राज्याभिषेकाचं संवत्सर तेच. शके १६८२ ला बाकी १४, म्हणजे विक्रम. कागदात शक आणि संवत्सर दोन्ही असतील आणि ते जुळत नसतील, तर आकडा तुम्ही चुकीचा वाचलाय, लेखनिक चुकलाय, किंवा कागद बनावट आहे. संशय याच क्रमाने घ्यायचा. बनावट शोधण्याचा हुरूप सगळ्यांना असतो, आपलं वाचन तपासण्याचा कुणालाच नसतो.

काशी-गयेकडून आलेल्या पत्रांत महिना पौर्णिमेला संपतो. तिकडचा चैत्र कृष्ण पक्ष म्हणजे आपला फाल्गुन वद्य. आणि इसवी तारीख लिहाल तिथे ती जुन्या जूलियन पद्धतीची की नव्या ग्रेगोरियन, हेही लिहा. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या पद्धतीची, नवीनमध्ये ती १६ जून होते.

यादीत मूळ तारीख जशीच्या तशी एका रकान्यात, रूपांतर दुसऱ्या रकान्यात. फक्त रूपांतर लिहिणाऱ्याची यादी तपासता येत नाही, म्हणून ती वापरताही येत नाही.

लॅमिनेशन

करू नका. कारण सांगायचं तर गरम प्लास्टिकचा गोंद कागदाच्या धाग्यांत शिरतो आणि पुन्हा निघत नाही. लांब सनदांमध्ये बंद एकाखाली एक चिकटवलेले असतात आणि जोडावर पाठीमागे शिक्का असू शकतो. तो आता प्लास्टिकआड जातो, आणि उष्णतेने जोडाची जुनी खळ तडकते ती वेगळीच. मोठ्या आकारामुळे दुकानदार सनद ‘मध्ये थोडी’ कापून दोन पाउचमध्ये घालतो, असंही घडतं. कागद दिसायला हवाच असेल तर पॉलिएस्टर फिल्मच्या दोन तावांत मोकळा ठेवा. दोन्हीकडे चिकटणारी पट्टी कागदापासून किमान अर्धा सेंटिमीटर दूर, आणि कोपऱ्यांत हवेला वाट.

सेलोटेप त्याचाच धाकटा भाऊ. काही वर्षांनी पट्टी गळून पडते, गोंद मात्र पिवळट तपकिरी होऊन कागदातच राहतो. फाटलेल्या जागी जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ. एक भाग स्टार्च, चार ते पाच भाग पाणी, मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं सतत ढवळत शिजवायची, गाळायची, आणि वापरताना दुधासारखी पातळ करायची. मैदा नको, त्यातल्या चिकट प्रथिनांवर कसर येते. बाइंडर खळीत मोरचूद घालतात, तेही नको. तांबं आणि आम्ल दोन्ही कागद खातात.

आणि खळ लावण्याआधी शाई तपासा. काजळी आणि डिंकाची काळी शाई शतकानुशतकं फिकी पडत नाही, पण पाण्याने उठते. एका अनावश्यक ठिपक्यावर ओला कापूस सेकंदभर टेकवून वर टीपकागद दाबायचा. डाग उठला तर काम तिथेच थांबवायचं आणि जाणकाराला बोलवायचं. हिराकसाची (लोहाच्या क्षाराची) शाई ओळखणं सोपं: अक्षरांभोवती तपकिरी वलय आणि कागदाला मागून भोकं.

ऊन, डांबरगोळ्या, प्लास्टिकच्या पिशव्या

उन्हाने ओलावा जातो आणि त्याबरोबर कागदाचा चिवटपणाही. सावलीत, पंख्याच्या अप्रत्यक्ष वाऱ्यात, टीपकागदामध्ये वाळवा. भिजलेल्या दप्तराला अठ्ठेचाळीस तासांत बुरशी धरू शकते, म्हणून सगळं एकदम वाळवता येत नसेल तर उरलेलं गोठवा.

डांबरगोळ्या वास सोडतात, किडीची अंडी मारत नाहीत, तिथे बसणाऱ्या माणसाचं डोकं मात्र दुखवतात. वेखंड आणि कडुलिंब पुरचुंडीत चालतात, पण ते राखण करतात, लागलेली कीड मारत नाहीत. कीड लागलेलं पुडकं जाड पॉलिथिनमध्ये हवा काढून बंद करायचं आणि उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवायचं. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर गारव्यावर पाणी सुटतं.

एरवी प्लास्टिक नकोच. पावसाळ्यात आतल्या आत घाम धरतो. कापड म्हणजे न रंगवलेला मांजरपाट, तोही दोन-तीनदा गरम पाण्यात धुऊन कांजी काढलेला. नवीन लाल खारवा परंपरेने शोभतो, पण ओल लागली की रंग सोडतो. जुनं कापड टाकायचं नाही. ते स्वतंत्र पुडक्यात, त्याच रुमालाचा क्रमांक देऊन.

लोखंडी टाचण्या, तारा काढा. ओढून नव्हे, टाचणीखाली पातळ फिल्म सरकवून.

पांढरे सुती हातमोजे फोटोत छान दिसतात. बोटांना कागद जाणवत नाही आणि कड फाटते. हात धुवा, कोरडे करा, पुरे.

पोथीवर हळदकुंकू

इथे पुराभिलेखवाले उगाच शहाणपणा करतात आणि मठातले लोक दुखावतात. पोथी पूजेची आहे, ती पूजली जाणारच. सांगायचं एवढंच की गंध, फूल, अक्षता बासनावर (पोथी गुंडाळलेल्या कापडावर) वाहा, उघड्या पत्रावर नको, आणि समई हातभर लांब. ऐकतात लोक. समजावून न सांगता पेटीला कुलूप घातलंत तर पुढच्या वर्षी तुम्हाला पेटीच दिसणार नाही.

आधीच पडलेले हळदीचे डाग काढायच्या फंदात पडू नका. आम्लता घालवायला कागद चुन्याच्या निवळीसारख्या क्षारधर्मी द्रावणात बुडवला, तर हळद लालभडक होते. मग दोष पुजाऱ्याचा राहत नाही.

मोबाइलचं स्कॅनर ॲप

ॲप कागद ‘स्वच्छ’ करतं, म्हणजे फिकी शाई, शिक्क्याची कड आणि पेन्सिलच्या जुन्या खुणा पुसतं. रंगीत, ४०० डीपीआय, टिफ (दर्जा न घटवणारी फाइल), शेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टी. कोरी पाठसुद्धा घ्यायची, म्हणजे ती कोरी होती हे कळतं. ए४ आकाराची एक बाजू सुमारे ४६ एमबी होते, हजार बंदांच्या दोन्ही बाजू ९० जीबीच्या वर. तीन प्रती, त्यांपैकी एक दुसऱ्या गावी. जागेचा हिशेब आधी केला नाही की तिसऱ्या आठवड्यात सगळे जेपेगवर उतरतात. फाइलच्या नावात रुमाल, पुडकं, बंद आणि बाजू एवढंच. ‘महत्त्वाची सनद नवीन फायनल’ हे नाव नव्हे.

लिप्यंतरात सुधारणा

मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे नसतात. ते तुम्ही आजच्या शुद्धलेखनाने ठरवता, तर तसं टीपेत सांगा. वाचता न आलेली जागा चौकोनी कंसात रिकामी ठेवा. अंदाजाने भरलेलं गावाचं नाव पुढच्या तीन लेखांत पुरावा म्हणून फिरतं.

सगळंच उघडं करण्याची हौस

महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून जपले. दीक्षेचे, मंत्रोपदेशाचे कागद आजही काही परंपरांत बाहेरच्याला दाखवत नाहीत. असा कागद निघाला की वाचन थांबवायचं, क्रमांक द्यायचा आणि विचारायचं. यादीत ‘पाहणी मर्यादित’ एवढा शेरा पुरतो. कागद यादीतून गाळायचा मात्र नाही, नाहीतर तो नाहीसा झाल्याचं कुणालाच कळणार नाही.

तसंच ‘अभ्यासासाठी घरी नेतो’ बंद करा. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेलं पंच्याहत्तर वर्षांहून जुनं हस्तलिखित १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येतं, ते परस्पर देशाबाहेर नेता येत नाही. गावातल्या गावात न्यायचं असलं तरी लेखी पावती, दोन प्रतींत, विश्वस्तांच्या सहीची. तीत रुमालाचा क्रमांक, बंदांची संख्या, परतीची तारीख. बंद दोघांनी समोरासमोर मोजायचे, कोरेसुद्धा, आणि जोड निसटलेले असतील तर तुकडे वेगळे मोजायचे.